ग्रंथवाल्यांविषयीचा वर्ग आणि एक चुकलेला शनिवार

गेल्या हिवाळ्यात अलिबागेत एक वाचनवर्ग भरला होता. कुराणात यहुदी आणि ख्रिस्ती यांच्याविषयी काय म्हटले आहे, हे मूळ आयती (वचने) समोर ठेवून वाचायचे, असा त्याचा विषय होता. दर रविवारी सकाळी अडीच तास याप्रमाणे सहा बैठका होत्या, शुल्क ६०० रुपये होते आणि त्यात ७२ पानांची टिपणवही व मधल्या सुट्टीतला चहा धरलेला होता. मी सहाही बैठकांना हजर राहिले. पावसाळा संपल्यावर पुढचा वर्ग भरवण्याचा आयोजकांचा विचार आहे आणि ओळखीच्या तीन-चार जणांनी ‘जावे का?’ असे विचारल्यामुळे हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे. उत्तर आधीच सांगायचे तर अवश्य जावे. मात्र पैसे भरण्यापूर्वी बैठकांचे वार आयोजकांकडून नक्की करून घ्यावेत. हे असे का म्हणते, ते ओघाने येईल.

हा विषय मुंबई-पुण्याच्या एखाद्या सभागृहात शिकवणे आणि अलिबागेत शिकवणे यांत फरक आहे. इथल्या इस्राएल आळीत मागेन अबोथ हे बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाचे, प्रार्थनामंदिर उभे आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले त्यांचे पूर्वज जिथे उतरले असे ते मानतात, ते नवगाव इथून जवळच आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आमच्या आजी-पणजीच्या पिढीला ते ‘शनवार तेली’ या नावानेच ठाऊक होते. दक्षिणेला रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागते. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. आणखी खाली मुरूड-जंजिरा आहे. आफ्रिकी वंशाच्या मुसलमान सिद्दींचा हा मुलूख जुन्या मराठी कागदांत ‘हबसाण’ म्हणून येतो. कुराण ज्या तीन समाजांना एका कुळातले समजून एकमेकांसमोर उभे करते, ते तिन्ही समाज या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या किनाऱ्यावर कित्येक शतके शेजारी म्हणून राहिले आहेत, आणि तिघांच्याही घरात मराठीचे कोणते ना कोणते रूप आहे. त्यामुळे या वर्गाकडून माझी अपेक्षा थोडी जास्तच होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

वर्ग दोघे मिळून घेत होते. मुरूडकडचे एक मौलाना अरबी पाठ आणि भाष्यकारांची मते सांगत, आणि कोर्लईच्या बाजूचे एक निवृत्त फादर ख्रिस्ती बाजू मांडत. तिसरी खुर्ची नव्हती. ही गोष्ट पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आली नाही आणि चौथ्या बैठकीनंतर मनातून गेली नाही. वर्गात आम्ही २७ जण होतो. त्यांत मुसलमान आणि हिंदू जवळपास सारखे, आठ ख्रिस्ती, आणि इस्राएल आळीतले सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळेजण काका म्हणत. पहिल्या दिवशी ओळख करून देताना ते म्हणाले की त्यांच्या लहानपणी घरातली वडीलधारी मंडळी आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’च म्हणत, आणि मुंबईतले १७९६ सालचे शार हारहमीम तर त्यांच्या लोकांत आजही ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते. मौलाना हसून म्हणाले, “मग काका, तुम्ही पाहुणे नव्हे, घरचेच.” वर्गाचा सूर त्या एका वाक्याने लागला, असे मी म्हणेन.

पहिली बैठक शब्दांची होती. ‘अहले किताब’ म्हणजे ग्रंथवाले किंवा ग्रंथधारक. पूर्वी ज्यांच्याकडे तौरात (मोशेचा ग्रंथ) किंवा इंजील (येशूचे शुभवर्तमान) आली, ते यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यासाठी कुराण ही संज्ञा वापरते. दोघांच्या ग्रंथांत ‘मार्गदर्शन आणि प्रकाश’ असल्याचे पाचव्या सूरेत (अध्यायात) स्पष्ट म्हटले आहे (५:४४ आणि ५:४६). पण त्याच ग्रंथवाल्यांपैकी काहींनी शब्द त्यांच्या जागेवरून हलवले, असा आरोपही तिथेच आहे (५:१३). मौलानांनी सुरुवातीलाच एक नियम घालून दिला, तो मला फार पटला. कोणतीही आयत एकटी वाचायची नाही. तिच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच आयती वाचल्याशिवाय कोणी मत मांडायचे नाही. दुसऱ्या बाकावरचे एक तरुण गृहस्थ मोबाइलवर आलेल्या सुट्या आयती वाचून दाखवण्याच्या तयारीने आले होते. त्यांची या नियमाने पंचाईत झाली. पण तिसऱ्या बैठकीपर्यंत तेच इतरांना ‘मागची आयत वाचा आधी’ असे बजावू लागले होते. याच बैठकीत मौलानांनी कोणी न विचारता एक अवघड गोष्ट पुढे केली. दररोजच्या नमाजात म्हटल्या जाणाऱ्या फातिहेच्या शेवटी ‘ज्यांच्यावर कोप झाला’ आणि ‘जे वाट चुकले’ असे दोन उल्लेख आहेत. आयतीत कोणाचेही नाव नाही; पण अनेक जुन्या भाष्यकारांनी ते अनुक्रमे यहुदी आणि ख्रिस्ती यांना लावले. ग्रंथ काय म्हणतो आणि भाष्य काय म्हणते, ही सीमा त्यांनी फळ्यावर खरोखरच एक उभी रेघ मारून दाखवली, आणि पुढच्या सगळ्या बैठकांत ती रेघ पुसली गेली नाही.

दुसरी बैठक सर्वांत सुखाची झाली, त्यामुळे तिच्याविषयी थोडक्यात लिहिते. विषय मरियम आणि ईसा, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मरिया आणि येशू, यांचा होता. कुराणात नावाने येणारी एकमेव स्त्री म्हणजे मरियम. ते नाव ३४ वेळा येते आणि ९८ आयतींची एकोणिसावी सूरा तिच्याच नावाची आहे. कोर्लईहून आलेल्या दोन बहिणींना हे माहीत नव्हते आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या मुरूडच्या बाईंना, या दोघींना ते माहीत नाही, याचे नवल वाटत होते. मक्केत छळ सोसणाऱ्या मुसलमानांचा एक गट इसवी सन ६१५च्या सुमारास तांबडा समुद्र ओलांडून हबशांच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या, ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेला, तेव्हा जाफर इब्न अबी तालिब यांनी त्या राजापुढे मरियमेच्या सूरेचा आरंभ म्हणून दाखवला आणि राजा रडला, ही परंपरेतली कथा मौलानांनी सांगितली. त्यावर त्यांनी सहज जोडले की ज्या हबशांनी पहिल्या मुसलमानांना आसरा दिला त्यांच्याच नावाचे हबसाण आपल्या दाराशी आहे. मूळ पुरुष आफ्रिकेतून आल्याचे सांगणारी एक विद्यार्थिनी वर्गात होती. तिने या वाक्यावर वही मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.

वर्गाचे शुल्क, माझ्या मते, तिसऱ्या बैठकीतच वसूल झाले. पाचव्या सूरेतली एकावन्नावी आयत श्रद्धावंतांना सांगते की यहुदी आणि ख्रिस्ती यांना ‘औलिया’ करू नका. टिपणवहीत या शब्दाचे मित्र, संरक्षक आणि सहायक असे तीन मराठी पर्याय शेजारी शेजारी छापले होते, आणि यांपैकी कोणता निवडावा यावर अर्धा तास गेला. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवली आहे आणि ‘अवलिया’ हा शब्द मुलांना शेकडो वेळा समजावून सांगितला आहे. पण आपला अवलिया म्हणजे या आयतीतलाच ‘औलिया’, वली या शब्दाचे अरबी अनेकवचन, हे त्या दिवशी प्रथम ध्यानात आले. तसेच ‘त्या लेकरांना आता कोणी वाली उरला नाही’ या वाक्यातला वालीसुद्धा त्याच धातूच्या कुळातला. हे मी उभी राहून सांगितले, तेव्हा फळ्यावर चौथा पर्याय लिहिला गेला : ‘त्यांना आपला वाली करू नका.’ शेजाऱ्याशी मैत्री करू नका, असे सांगणे वेगळे. आणि संकटात ज्याच्या छत्राखाली जायचे, ज्याच्या शब्दावर आपले भवितव्य सोपवायचे, असा वाली त्यांच्यात शोधू नका, असे सांगणे वेगळे. मौलानांनी तबरीसारख्या भाष्यकारांनी दिलेला प्रसंग सांगितला. मदिनेत बनू कैनुका या यहुदी टोळीशी झालेला जुना करार मोडावा की पाळावा, या प्रश्नावर उबादा इब्न सामित यांनी एक बाजू घेतली आणि अब्दुल्ला इब्न उबय्य यांनी दुसरी. म्हणजे ही आयत लढाईच्या छायेतल्या संरक्षण-करारांविषयी आहे, असे या परंपरेचे म्हणणे.

इथे फादरांनी जो आक्षेप घेतला तो लिहून ठेवण्याजोगा आहे. “मौलानासाहेब, शब्द वाली घेतला म्हणजे आयत सौम्य झाली, असे आम्ही समजू नये ना?” मौलाना म्हणाले, “नाही, फादर. सौम्य करून दाखवायला मी बसलेलोच नाही. तिच्यात सावधगिरी आहे, ती आहेच.” त्यानंतर त्यांनी साठाव्या सूरेतल्या आठ आणि नऊ या आयती वाचायला लावल्या. ज्यांनी धर्मावरून तुमच्याशी युद्ध केले नाही आणि तुम्हाला घरांतून हाकलले नाही, त्यांच्याशी चांगुलपणाने आणि न्यायाने वागण्यास ईश्वर तुम्हाला मनाई करत नाही. मनाई आहे ती ज्यांनी युद्ध केले आणि हाकलले त्यांना वाली करण्याची. क्रियापदाचा धातू दोन्हीकडे तोच. लगेच त्यांनी पाचव्याच सूरेतली ब्याऐंशीवी आयत घेतली. यात श्रद्धावंतांशी वैरात सर्वांत तीव्र म्हणून यहुदी आणि अनेकेश्वरवादी यांचा उल्लेख होतो आणि स्नेहात सर्वांत जवळचे म्हणून ‘आम्ही नसारा’ म्हणवणाऱ्यांचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा. कारण त्यांच्यात धर्मगुरू आणि संन्यासी आहेत आणि ते गर्व करत नाहीत. ख्रिस्ती बाकांवर साहजिकच थोडे समाधान पसरले. काकांनी मात्र शांतपणे विचारले, “आमच्यासाठी या आयतीत कारण दिलेले नाही, ते कुठे दिले आहे?” मौलानांनी मदिनेतल्या टोळ्यांशी बिघडलेल्या संबंधांचा इतिहास थोडक्यात सांगितला, ‘ते सगळे सारखे नाहीत’ ही तिसऱ्या सूरेतली एकशे तेरावी आयत वाचली, आणि यहुद्यांविषयीच्या आयतींसाठी पुढची संपूर्ण बैठक राखून ठेवली आहे, तेव्हा काकांचा प्रश्न तिथे पहिला घेऊ, असे वचन दिले.

आता त्या पुढच्या बैठकीविषयी. सभागृह त्या रविवारी एका लग्नासाठी दिले गेले होते. आयोजकांनी बुधवारी सर्वांना निरोप पाठवला की चौथी बैठक एक दिवस आधी, शनिवारी सकाळी होईल. यहुद्यांविषयीची बैठक, शनिवारी सकाळी, इस्राएल आळीपासून चालत दहा मिनिटांवर! ज्या गावाने एका संपूर्ण समाजाला शनिवारच्या सुट्टीवरून नाव दिले, त्या गावात हे निरोप पाठवणाऱ्याच्या, स्वीकारणाऱ्याच्या आणि बोलणाऱ्यांच्या, कोणाच्याच ध्यानात आले नाही. माझ्याही आले नाही. काकांची खुर्ची रिकामी दिसली तेव्हाच आले, म्हणून सगळा दोष आयोजकांवर टाकण्याचा अधिकार मला नाही. पण सेवेचा दर्जा ठरवायचा तर ही चूक सर्वांत मोठी मानली पाहिजे. लक्षात आल्यावरही बैठक पुढे ढकलली गेली नाही, याचे मला अधिक वाईट वाटते. मौलाना अस्वस्थ झाले होते. ‘आधी त्यांचा प्रश्न घ्यायचा होता’ असे ते दोनदा म्हणाले. तरी बैठक झाली.

आणि झाली ती नेमकी शब्बाथच्या, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, कथेवर. कुराणात सर्वाधिक वेळा नावाने येणारी व्यक्ती म्हणजे मुसा (बायबलमधला मोशे), १३६ वेळा. बेने इस्राएलांत जुन्या काळी मुसाजी हे नाव सर्रास असे, हे सांगायला त्या दिवशी कोणी नव्हते. मिसरचा राजा फिरऔन याच्या जाचातून सुटका, समुद्र दुभंगणे, सीनाय पर्वत, सोन्याचे वासरू असा प्रवास करत आम्ही सातव्या सूरेतल्या एकशे त्रेसष्टाव्या आयतीशी पोहोचलो. समुद्रकाठचे एक गाव होते. शब्बाथच्या दिवशी मासे पाण्यावर दिसतील इतके जवळ येत आणि इतर दिवशी येत नसत; ही त्या लोकांची परीक्षा होती. भाष्यकारांनी त्यात भर घातली आहे, ती अशी : काहींनी शब्बाथच्या आधी जाळी लावून किंवा खड्डे खणून ठेवले आणि शब्बाथ उलटल्यावर, रविवारी, त्यांत अडकलेले मासे काढून आणले. गावाचे तीन तट पडले : नियम मोडणारे, त्यांना बजावणारे, आणि ‘ज्यांचा नाश ठरलेलाच आहे त्यांना कशाला बजावता?’ असे म्हणणारे. नियम मोडणाऱ्यांवर ओढवलेला शाप कठोर आहे (‘वानर व्हा’), आणि द्वेषाच्या भाषणांत त्याचा आजवर किती गैरवापर झाला, हे मौलानांनी स्वतः सांगितले. शाप एका गावातल्या एका तटाला आहे, वंशाला नाही, हे त्यांनी तिन्ही तट फळ्यावर मांडून दाखवले.

यावर थळच्या बाजूचे एक कोळी बांधव उभे राहिले. त्यांचा प्रश्न सहा बैठकांतला सर्वांत चांगला प्रश्न होता. “आमची डोल खुंटांना बांधलेली असते. भरतीच्या पाण्याबरोबर मासे आपणहून आत शिरतात. आम्ही घरी झोपलेलो असतो. मग जाळे आदल्या दिवशी लावले आणि नंतर काढले, तर सुट्टीच्या दिवशी काम केले कोणी? माणसाने की पाण्याने?” मौलाना म्हणाले की आयतीचा रोख नियमाचे शब्द पाळून त्याचा जीव घेण्यावर आहे, फादरांनी ‘शब्बाथ माणसासाठी, माणूस शब्बाथसाठी नव्हे’ हे येशूचे वचन सांगितले. दोन्ही उत्तरे चांगली होती. पण प्रश्न ज्यांच्या नियमाचा होता, त्यांचे त्यावर काय म्हणणे आहे, हे सांगणारे त्या वेळी पाच-सातशे पावलांवर त्याच नियमाप्रमाणे घरी बसले होते.

पाचवी बैठक मतभेदांची होती, आणि ती मला घाईची वाटली. ‘तीन म्हणू नका’ (४:१७१), ‘त्यांनी त्याला मारले नाही आणि क्रुसावरही चढवले नाही, तसा त्यांना भास झाला’ (४:१५७), आणि ‘मला व माझ्या आईला देव माना, असे तू लोकांना सांगितलेस काय?’ हा ईसाला विचारलेला प्रश्न (५:११६) या तिन्ही स्थळांना प्रत्येकी एक बैठक द्यावी एवढा विषय आहे. मरियमेला त्रैक्यात कोणत्याही चर्चने कधी धरलेले नाही, हे फादरांनी शांतपणे सांगितले. मौलानांनी ईसाला त्याच आयतीत (४:१७१) ईश्वराचा ‘शब्द’ आणि त्याच्याकडून आलेला ‘आत्मा’ म्हटले आहे, याकडे लक्ष वेधले. आणि क्रुसाच्या प्रश्नावर दोघांनीही ‘इथे आपण दोघे वेगळे आहोत’ असे म्हणून विषय मिटवला. गुळमुळीत समेटापेक्षा हे मला आवडले. जिझियाची आयत (९:२९) मात्र वीस मिनिटांत उरकली, हे चुकले. अकबराने १५६४मध्ये उठवलेली आणि औरंगजेबाने १६७९मध्ये पुन्हा लादलेली ती पट्टी मराठी माणसाच्या आठवणीत आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून प्रसिद्ध असलेले फारसी पत्र तर कुराणाचाच आधार घेऊन विचारते की ग्रंथात ईश्वराला ‘रब्बुल आलमीन’, सर्व जगाचा पालनकर्ता, म्हटले आहे की केवळ मुसलमानांचा? हा प्रश्न वर्गात एका विद्यार्थ्याने काढला आणि वेळ संपल्यामुळे तो तसाच राहिला. आयत पैगंबरांच्या तबूकच्या मोहिमेच्या काळातली आहे, एवढे सांगून पुढे जाता येत नाही. नंतरच्या राज्यांनी तिचे काय केले, यावरच श्रोत्याचे मन अडलेले असते.

इथे एक कोकणी तपशील नोंदवावासा वाटतो, कारण तो टिपणवहीत नाही. ग्रंथवाल्यांचे अन्न आणि त्यांच्या शीलवान स्त्रियांशी विवाह श्रद्धावंतांना वैध असल्याचे ५:५मध्ये म्हटले आहे. उत्तर हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी असले, तरी कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत, आणि शाफई शास्त्रात या सवलतीची व्याख्या अधिक काटेकोर आहे : ज्यांच्या पूर्वजांनी तो धर्म फार पूर्वी, इस्लामच्या आगमनाआधी, स्वीकारला होता त्यांच्यापुरती. म्हणजे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले कोर्लईचे शेजारी या व्याख्येत बसणे अवघड, आणि इस्राएलाचे वंशज सहज बसणारे. हे मौलानांनी चहाच्या वेळी सांगितले. वर्गातल्या निम्म्या गोष्टी चहाच्या वेळीच कळतात, तेव्हा सुट्टीत बाहेर फेरफटका मारायला जाऊ नये, ही माझी पुढच्यांना सूचना.

सहावी बैठक अलीकडच्या संवादाची होती आणि ती फादरांनी उत्तम घेतली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी काढलेल्या घोषणापत्रात मुसलमानांकडे ‘आदराने’ पाहण्याची भाषा प्रथम आली; पण मुळात तो मसुदा यहुद्यांविषयी होता आणि नंतर विस्तारत गेला, हे अनेकांना नवे होते. त्यानंतर १२ सप्टेंबर २००६ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांचे रेगेन्सबुर्गचे भाषण झाले. त्यातल्या इस्लामविषयीच्या एका जुन्या अवतरणाने उठलेल्या वादळाला ३८ मुस्लिम विद्वानांनी पत्राने उत्तर दिले, आणि वर्षभराने, १३ ऑक्टोबर २००७ रोजी, १३८ विद्वानांचे दुसरे पत्र पोपसह जगभरच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखांना गेले. ते तिसऱ्या सूरेतल्या चौसष्टाव्या आयतीवर उभे आहे : ‘ग्रंथवाल्यांनो, आमच्या आणि तुमच्यामध्ये समान असलेल्या वचनाकडे या.’ ईश्वरावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम या दोन आज्ञांत त्या पत्राने हे समान वचन शोधले. फेब्रुवारी २०१९मध्ये अबू धाबीत पोप फ्रान्सिस आणि कैरोतल्या अल-अझहर या इस्लामी विद्याकेंद्राचे प्रमुख अहमद अल-तय्यिब यांनी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या, तो या वाटेवरचा पुढचा टप्पा.

काका त्या दिवशी आले होते. चौथ्या बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही. १३८ विद्वानांच्या पत्रातली पहिली आज्ञा फादर बायबलमधून वाचू लागले, ‘हे इस्राएला, ऐक; प्रभू आपला देव एकच प्रभू आहे’, तेव्हा काकांनी तेच वाक्य हिब्रूत म्हटले : शेमा. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की जहाज फुटले तेव्हा त्यांचे ग्रंथ बुडाले आणि शतकानुशतके त्यांच्याजवळ शब्बाथ, सुंता, खाण्याचे काही नियम आणि ही एक प्रार्थना एवढेच उरले. आयत सर्व ग्रंथवाल्यांना हाक मारते, पत्र ख्रिस्ती प्रमुखांना लिहिलेले आहे, आणि समान वचन म्हणून त्यात पुढे केलेले वाक्य यहुद्यांचे आहे. ही रचना फादरांनाच प्रथम खटकली आणि त्यांनी ती बोलून दाखवली.

शेवटी जेवण होते. त्याचे १५० रुपये वेगळे घेतात, हे आधी सांगत नाहीत. माशांना जिबह (विधिवत कापणे) लागत नाही, म्हणून तळलेले पापलेट आणि बांगड्याचे नारळाच्या दुधातले कालवण ठेवण्याची कल्पना योग्य होती. मात्र त्याच टेबलावर कोळंबीचा भातही होता आणि खवले नसलेला जलचर यहुद्यांना चालत नाही, याची पाटी कोणी लावली नव्हती. काकांनी हसत पापलेटावर भागवले. शाकाहारींसाठी वरण-भात आणि वालाची उसळ होती; उसळ फारच छान.

बाकीच्या बाबी. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे; गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी विचार करावा. टिपणवहीत अरबी मजकूर मोठ्या ठशात आहे, मराठी मात्र इतके बारीक की मागच्या बाकावर चष्मा पुसत बसावे लागते. हदीसला, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-आचारांच्या परंपरेला, जवळपास स्थान नाही. ‘आम्ही ग्रंथापुरतेच’ असे आयोजकांचे म्हणणे आहे आणि सहा बैठकांत ते मान्य करावे लागेल. बोलणारे दोघेही वेळेवर येतात, एकमेकांचे बोलणे तोडत नाहीत आणि ज्या आयती आपल्याच श्रोत्यांना अडचणीच्या वाटतील त्या स्वतः पुढे करतात. ६०० रुपयांत याहून जास्त मागू नये. तरी मी अभिप्रायाच्या कागदावर तिसऱ्या खुर्चीची मागणी लिहून दिली आहे.

चौथ्या बैठकीची टिपणे काकांना मिळाली नव्हती, म्हणून मी माझी वही त्यांच्याकडे दिली. आठवड्याने ती परत आली, तेव्हा ७:१६३च्या शेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. शब्बाथ शनिवारी सकाळी नव्हे, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसले की सुटतो, तेव्हा जाळे काढायला रविवारपर्यंत थांबायचे कारण नाही, असे पहिल्या दोन ओळींत होते. पुढे लिहिले होते : ‘इस्राएलमधल्या अश्दोदच्या पुतण्याला फोनवर विचारले. डोलीचा प्रश्न मिश्ना या आमच्या जुन्या नियमसंग्रहात आहे. शुक्रवारी उजेडी जाळे टाकून ठेवण्यास शम्मायच्या शिष्यांची मनाई, मासा दिवसाउजेडीच अडकला पाहिजे. हिल्लेलच्या शिष्यांची परवानगी. आम्ही हिल्लेलचे ऐकतो. थळच्या भाऊंना सांगावे.’